"वरून पैसे आले नाहीत" हे उत्तर नाही



"ताई, वरून पैसे आले नाहीत. आले की लगेच टाकते." हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्या नागापूर-बोल्हेगाव भागात सापडणं अवघड आहे. एमआयडीसी शेजारी आहे, कंपन्या आहेत, आणि कंपन्यांच्या दारात माणसं पुरवणाऱ्या एजन्सीही आहेत. कुणी पॅकिंगला जातं, कुणी घरी बसून शिवण घेतं, कुणी फोनवरचं काम करतं. काम कंपनीचं असतं, पण पैसे एजन्सीच्या हातून येतात. आणि ते अडकतात ते बहुतेक वेळा तिथेच.

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. काम झालं, पैसे बुडवले जात आहेत, आता काय करायचं? कोणाकडे जायचं? आधी कोणता कागद हवा? सगळं एका बैठकीत लक्षात राहणार नाही. म्हणून वही-पेन घेऊन बसा, किंवा गटाच्या सचिवताईंना लिहून घ्यायला सांगा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. आमच्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर एकदा मी एक निरोप पुढे पाठवला. "घरबसल्या काम. कंपन्यांसाठी मुलं शोधून द्या. मुलगा कामावर हजर झाला की ५०० रुपये." एजन्सी कोण, मालक कोण, काही चौकशी केली नाही. बायकांना चार पैसे मिळतील एवढंच डोक्यात होतं. आमच्यातल्या एका ताईने ते काम मनावर घेतलं. बारावी झालेली, बोलायला चुणचुणीत. चांगला फोन हवा म्हणून तिने गटातून ९,००० रुपयांचं कर्ज घेतलं. चार महिने फोन करकरून, गावोगावच्या ओळखी काढून तिने ३७ मुलं कामाला लावली. हिशेब सरळ होता. ३७ गुणिले ५००, म्हणजे १८,५०० रुपये.

एक रुपया आला नाही. आधी "मार्च एंड आहे", मग "मॅडम सुट्टीवर आहेत", आणि शेवटी "वरून पैसे आले नाहीत". इकडे तिचे गटातले दोन हप्ते थकले. आमच्या नियमाप्रमाणे हप्ता थकला की २० रुपये दंड. तो दंड तिच्या नावापुढे मीच लिहिला. निरोप मी पाठवलेला आणि दंडही मीच लावलेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून हा विषय मी मुळापासून समजून घेतला. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

दोन वेगळे व्यवहार

पहिली गोष्ट पक्की करा. इथे व्यवहार दोन असतात. एक कंपनी आणि एजन्सी यांचा. दुसरा एजन्सी आणि तुमचा. कंपनी एजन्सीला कधी देणार, किती देणार, त्यांच्यात काय भांडण आहे, हा पहिल्या व्यवहाराचा विषय. तुम्ही त्यात नाही. तुमचा शब्द एजन्सीशी झाला, म्हणून पैसे एजन्सीने द्यायचे.

आपण किराणा दुकानात उधारी करतो. महिनाअखेरीला दुकानदाराला म्हटलं, "माझ्या मुलाने पुण्याहून पैसे पाठवले नाहीत, म्हणून देत नाही," तर तो काय म्हणेल? "ते तुझं आणि तुझ्या मुलाचं. माझी साखर तू नेलीस." एजन्सीला आपण हेच सांगायचं.

याला अपवाद एकच. काम घेतानाच "कंपनीने दिले तरच तुम्हाला मिळतील" अशी अट तुम्ही मान्य केली असेल, तर भांडण अवघड होतं. पण काम झाल्यावर काढलेली नवी अट तुमच्यावर बांधील नाही. आमच्या ताईला नंतर सांगितलं, "मुलगा ९० दिवस टिकला तरच पैसे." आधीच्या निरोपात ९० दिवसांचा एक शब्दही नव्हता. तो जुना निरोप तिच्या फोनमध्ये होता, आणि पुढे तोच कामी आला.

तुम्ही कामगार की स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या?

पैसे मागायला कोणत्या दारात जायचं हे या एका प्रश्नावर ठरतं. एजन्सीवाले हल्ली सरसकट म्हणतात, "तुम्ही आमच्या कामगार नाही, फ्रीलान्सर आहात." फ्रीलान्सर म्हणजे कुणाची नोकरी न करता स्वतःच्या जबाबदारीवर काम घेणारी आणि त्याचं बिल लावणारी व्यक्ती. पण कागदावर काय नाव लिहिलंय, एवढ्यावर ते ठरत नाही. काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघितलं जातं. स्वतःला हे प्रश्न विचारा:

कामाला यायची-जायची वेळ कोण ठरवतं, तुम्ही की ते?
मशीन, हत्यारं, माल कुणाचा?
एखाद्या दिवशी तुमच्याऐवजी जावेला पाठवलं तर चालतं का?
त्याच वेळी दुसऱ्या एजन्सीचं काम घेता येतं का?
काम कसं करायचं हे रोज कुणी उभं राहून सांगतं का?

पॅकिंगला जाणारी ताई सकाळी ठरलेल्या वेळी हजर होते, कंपनीच्या पट्ट्यावर उभी राहते, सुपरवायझर सांगेल तसं करते. ती कामगार आहे, मग तिला रोज मिळो की नगावर. घरून फोन करणारी आमची ताई स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या वेळेत काम करायची आणि दुसऱ्या एजन्सीलाही मुलं देऊ शकत होती. ती व्यवसाय करणारी. दोघींचे पैसे बुडाले तरी दोघींची वाट वेगळी.

कामगार असाल तर

आपल्या नगरला हा प्रश्न नवा नाही. इथल्या विडी कामगार बायकांनी, त्यातही पद्मशाली समाजातल्या आज्या-माम्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या पानं आणि तंबाखू घरी आणून विड्या वळल्या. मध्ये ठेकेदार. विड्या दिल्या की त्यातल्या काही "छाट" म्हणून बाजूला काढायच्या आणि त्याचे पैसे कापायचे. घरी काम करणारी बाई कामगार कशी, असा सवाल तेव्हाही केला जायचा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने त्याचं उत्तर दिलं. मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल देऊन घरी काम करवून घेतलं, तरी ती बाई कामगारच. घरात बसून काम करते म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

दुसरं उदाहरण माथाडींचं. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यात मंडळं आली. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराला द्यायची. मधल्या माणसाच्या खिशातून पैसा फिरू नये, म्हणून ही व्यवस्था.

आता आजचा कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता लागू झाली आहे. जुन्या चार कायद्यांची जागा तिने घेतली. तिच्यातल्या या गोष्टी लिहून ठेवा.

पगार महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. रोजंदारी असेल तर पाळी संपताना. आठवड्याचा असेल तर आठवड्याच्या सुट्टीआधीच्या कामाच्या शेवटच्या दिवशी.

कामावरून काढलं किंवा तुम्ही स्वतः काम सोडलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब द्यायचा. "सोडून गेलीस, आता तीन महिन्यांनी ये" हे चालत नाही.

एजन्सीने पगार दिला नाही, तर ज्या कंपनीत तुम्ही काम केलं तिच्यावर ती जबाबदारी येते. ही फार मोठी गोष्ट आहे. एजन्सी रात्रीतून गाशा गुंडाळू शकते. कंपनीची भिंत मात्र जागेवर असते.

दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. अधिकाऱ्याला थकलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार आहे. दर वेळी दहा पट मिळते असं नाही. तशी आशा ठेवू नका, पण समोरच्याला हे माहीत असतं.

आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे. "मिळाले नाहीत" हे तुम्ही सांगायचं, "दिले" याचा पुरावा त्याने आणायचा. म्हणूनच कोऱ्या व्हाउचरवर, कोऱ्या हजेरीपटावर सही करायची नाही. ती सही त्याचा पुरावा होते.

अर्ज कुठे? कामगार खात्याच्या जिल्हा कार्यालयात. अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, तुमची नोंदणीकृत कामगार संघटना करू शकते, किंवा कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो. कोणत्या नमुन्यात द्यायचा ते तिथेच विचारा. कायदा नवा आहे, नमुने बदलत असतात. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तुम्ही कार्यालयात जाऊन आलात याला काही आधार राहत नाही.

स्वतःचं बिल लावत असाल तर

शिवणकाम, डबे, सर्वेक्षण, टायपिंग, प्रशिक्षण देणं, मुलं शोधून देणं, अशी कामं ज्या ताई स्वतःच्या जबाबदारीवर घेतात, त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा. नाव मोठं आहे, म्हणून आपल्याला वाटतं हा कारखानदारांसाठी. तसं नाही. एकटी बाई घरातून सेवा देते, ती सुद्धा "सूक्ष्म उद्योग" असते. मात्र तिची "उद्यम" नोंदणी हवी.

ही नोंदणी आधार आणि पॅन कार्डावर, सरकारी संकेतस्थळावर होते. तिला एक रुपयाही फी नाही. सेवा केंद्रवाल्याने टायपिंगचे काही घेतले तर तो भाग वेगळा, पण "उद्यमची सरकारी फी" म्हणून कुणी हजार-पाचशे मागितले तर देऊ नका. आणि नोंदणी कामाच्या आधी करा. पैसे अडकल्यावर नोंदणी करून जुन्या कामाचा दावा लावायला गेलं की तिथेच अडचण येते. आमच्या ताईची नोंदणी नव्हती. त्यामुळे हे दार तिला बंद होतं.

नोंदणी असेल तर काय मिळतं?

एक. मुदत. आधी काही ठरलं नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. ठरलं असेल तर ठरल्याप्रमाणे, पण काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. एजन्सीने कागदावर ९० दिवस लिहून घेतले तरी ४५ च्या पुढे थांबायची गरज नाही.

दोन. काम दिल्यावर १५ दिवसांत त्यांनी लेखी तक्रार केली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. चार महिन्यांनी "काम बरोबर नव्हतं" म्हणता येत नाही.

तीन. उशीर झाला तर व्याज. तेही दरमहा चक्रवाढ, आणि रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट.

चार. कोर्टात जाण्याआधी सुविधा परिषद. ती आधी दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करते. जमलं नाही तर लवादाचा निवाडा होतो. यासाठी कायद्याने ९० दिवसांची मुदत सांगितली आहे. प्रत्यक्षात उशीर होतो, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि समोरच्याला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. आणि एजन्सी पुण्याची असो की दिल्लीची, तुमचा व्यवसाय जिथे आहे तिथली परिषद प्रकरण घेऊ शकते. तुम्ही दिल्लीला जायचं नाही. आपला जिल्हा नाशिक विभागात येतो. अर्ज ऑनलाइन होतो, आणि माहितीसाठी नगरमध्ये जिल्हा उद्योग केंद्र आहे.

हे दुखणं फक्त आपलं आहे असंही समजू नका. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात अशाच सुट्या कामाचे पैसे इतके बुडायला लागले, की २०१७ पासून तिथे खास कायदा लागू करावा लागला. ८०० डॉलर किंवा त्याहून जास्तीचं काम असेल तर लेखी करार केलाच पाहिजे, आणि तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे दिले पाहिजेत. एवढ्या मोठ्या शहरातल्या शिकलेल्या लोकांनाही शेवटी कागदच लागला.

नोंदणी नाही, कागद कमी आहे, तर?

आमची ताई याच जागी उभी होती. तेव्हा आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते.

आधी पुरावा गोळा केला. ताईने एका जुन्या वहीत मुलांची नावं, गावं आणि कामाला लागल्याची तारीख लिहिली होती. तो पहिला आधार. मग व्हॉट्सअॅपवरचं बोलणं. एजन्सीच्या मॅडमनी कितीतरी वेळा लिहिलं होतं, "आज तुमचे दोघे जॉईन झाले." त्या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, छापून घेतले. पण मूळ बोलणं फोनमधून पुसलं नाही आणि फोनही बदलला नाही. छापील कागद बघायला सोपा, पण वाद झाला तर मूळ फोन दाखवावा लागतो.

मग हिशेब केला. एका कागदावर तीन रकाने: तारीख, मुलाचं नाव, त्याचा पुरावा. ३७ पैकी २८ मुलांचा पुरावा मिळाला. नऊ मुलांचं सगळं बोलणं फोनवर तोंडी झालं होतं.

मग पत्र लिहिलं. वकिलाचं नाही, ताईचंच, साध्या मराठीत. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून वाचून दाखवते:

"मी आपल्या सांगण्यावरून अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं. प्रत्येक मुलामागे ५०० रुपये देण्याचं आपण अमुक तारखेच्या निरोपात कबूल केलं होतं. सोबतच्या तक्त्याप्रमाणे माझे १८,५०० रुपये येणं आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी. तसं न झाल्यास मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करीन."

बस्स. शिव्या नाहीत, रडणं नाही, धमकी नाही. स्पीड पोस्टाने पाठवलं, पावती आणि पोचल्याचा कागद जपून ठेवला. तेच पत्र व्हॉट्सअॅपवरही टाकलं.

पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. मग आम्ही चौघी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क प्रत्येक बाईला आहे. तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. तालुक्याच्या कोर्टातही अशी समिती असते. जाणं जमत नसेल तर १५१०० हा मोफत नंबर आहे, तो पाठ करा. तिथे दावा न लावताही समोरच्याला नोटीस पाठवून बोलावता येतं. तडजोड झाली आणि लोकअदालतीत निवाडा झाला, तर तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं.

पहिल्या तारखेला एजन्सीचं कुणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला आले. २८ मुलांचे १४,००० कबूल झाले आणि ते खात्यावर जमाही झाले. उरलेल्या नऊ मुलांचे ४,५०० गेले. ती मुलं कामाला लागली होती, हे ताईला माहीत होतं, मला माहीत होतं, एजन्सीलाही माहीत होतं. पण आमच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. म्हणजे एका मुलामागे एक ओळ, एवढी लिहायची राहिली आणि साडेचार हजार रुपये गेले.

या चुका टाळा

पोलिसांत धावण्याची घाई नको. पैसे थकवणं हा बहुतेक वेळा दिवाणी वाद मानला जातो, आणि ठाण्यात तेच सांगतात. पण सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दिसत असेल, म्हणजे खोटं ऑफिस, खोटं नाव, अनेकींना एकाच पद्धतीने गंडवलेलं, तर मात्र सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार द्या.

"सगळा हिशेब मिळाला" असं लिहिलेल्या कागदावर अर्धे पैसे घेऊन सही करू नका. अर्धे घ्यायचेच असतील तर "एवढे मिळाले, एवढे बाकी" असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढा.

चेक दिला आणि तो वटला नाही, तर घरात ठेवून वाट बघू नका. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात. तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. तारीख चुकली तर हा मार्ग अवघड होऊन बसतो.

"देतो, देतो" मध्ये वर्षं घालवू नका. साध्या येण्याच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही.

जुने पैसे अडकलेले असताना नवं काम उधारीवर घेऊ नका. "हे एवढं करून द्या, मग दोन्हीचे एकदम देते" या बोलण्यात खड्डा आणखी खोल होतो.

आणि मुलांकडून नोंदणी फी गोळा करून द्या, असं एजन्सीने सांगितलं तर तिथेच हात जोडा. एजन्सी उद्या गायब होईल, मुलाची आई मात्र तुमच्याच दारात येईल.

पुढच्या कामाआधी पाच ओळी

आमच्या गटात आता नियम केला आहे. बाहेरचं कुठलंही काम घेण्याआधी पाच गोष्टी समोरच्याला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायच्या आणि "बरोबर आहे" असं उत्तर घ्यायचं. उत्तर येत नाही तोवर काम सुरू नाही.

काम काय आणि किती.
दर काय, नगाला की दिवसाला.
पैसे कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात.
माल किंवा काम नापास कधी ठरेल आणि ते किती दिवसांत सांगायचं.
पैसे देणार कोण, त्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि एजन्सीचा नोंदणी किंवा जीएसटी नंबर.

शेवटची ओळ बघून काही एजन्सीवाले परत फोनच करत नाहीत. करू दे नाहीतर न करू दे. जो नाव सांगायला कचरतो, तो पैसे द्यायलाही कचरणारच.

याशिवाय दर आठवड्याला केलेल्या कामाचा एक निरोप पाठवायचा: "या आठवड्यात एवढं झालं, एकूण एवढे येणं." आणि पहिल्या कामाचे पैसे हातात पडल्याशिवाय तिसरं काम घ्यायचं नाही. काम नवं असताना उधारी थोडीच ठेवायची, विश्वास बसला की वाढवायची. आपण गटात नव्या सभासदाला पहिल्याच महिन्यात मोठं कर्ज देतो का? नाही ना? मग एजन्सीला चार महिन्यांची मेहनत उधार का द्यायची? उधारच आहे ती. त्या चार महिन्यांत आमची ताई एजन्सीची सावकार झाली होती, तीही बिनव्याजी.

१४,००० आल्यावर ताईने पहिलं काम केलं ते गटाचं कर्ज फेडायचं. दंडाचे ४० रुपयेही मोजून ठेवले. मी म्हटलं, "अगं राहू दे." ती म्हणाली, "नाही ताई, नियम म्हणजे नियम. मीही त्यांना तेच सांगून आले." बाकीच्या सगळ्या गप्प झाल्या. त्या बैठकीत मी माझ्याकडूनही दंड भरला, चौकशी न करता निरोप पुढे पाठवल्याबद्दल.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एक विषय जादा घ्या. प्रत्येकीला विचारा, "कुणाकडे कामाचे पैसे अडकलेत का? किती? किती दिवसांपासून? पुरावा काय आहे?" वहीत उतरवा. लाजेने बायका हे बोलत नाहीत. फसलो म्हणजे आपलीच अक्कल कमी, असं त्यांना वाटतं. तसं नाही. काम आपण केलंय, पैसे आपले आहेत, ते मागण्यात कसली लाज? आणि पुढच्या वेळी कुणी "वरून पैसे आले नाहीत" म्हणालं, तर शांतपणे सांगा, "ते तुमचं तुम्ही बघा. माझा हिशेब हा असा आहे, आणि तारीख अमुक आहे."